कुसुमताईंच्या शेजारी बसून केलेली न्याहारी

देवळीच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्याच सकाळी आहार सल्लागार कुसुमताईंची ओळख झाली. वजन जास्त आणि रक्तातली साखर वाढलेली, अशा रुग्णांना त्या न्याहारीबद्दल समजावत होत्या. ताई स्वतः अंगाने चांगल्या भरलेल्या. मीही तशीच. त्यामुळे त्यांचा आधार वाटला आणि धाकही. माझी साखर वाढलेली होती आणि ते मी घरीसुद्धा सांगितले नव्हते.

दोनेक महिने मी रुग्णांच्या बोटांना सुई टोचत राहिले, स्वतःची तपासणी टाळत राहिले. मी सारखी पाणी पिते हे ताईंच्या लक्षात आले. त्यांनी खोलीचे दार लोटले आणि हळूच विचारले, "किती दिवसांपासून आहे?"

मला रडू कोसळले. "माझ्या आईचा पाय याच्यानंच गेला, ताई. मले भीती वाटते."

ताई रागावल्या नाहीत. मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, औषध सुरू झाले. मग म्हणाल्या, "उद्यापासून आपण दोघी एकच न्याहारी करू."

पहिल्या दिवशी माझ्या सवयीचे, झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे आणि गोड चहा. दोन तासांनी ताईंनी माझ्या बोटातून रक्त घेतले आणि आपलेही बोट पुढे केले. "माझीही चढली की," म्हणत त्यांनी माझ्या आकड्याखाली आपला आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी मुगाची उसळ, ज्वारीची एक भाकर, दही आणि बिनसाखरेचा चहा. त्या दिवशी दोघींचेही आकडे बरेच खाली होते. पोहे त्यांनी बंद केले नाहीत. कमी करून त्यात मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घालायला शिकवले. पुढच्या तपासणीत माझी साखर आटोक्यात आली. त्या दिवशी मी घरी सगळे सांगितले.

ताईंच्या हातूनही चूक होत असे, पण ती त्या तशीच सोडत नसत. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका बाईंना त्या सकाळच्या चहा-पोळीवरून सर्वांसमक्ष बोलल्या. बाई म्हणाल्या, "पाच वाजता उठून साऱ्यांचे डबे करून राह्यली मी. मले येगळं कोण रांधून देईन?" दुसऱ्या दिवशी ताई पहाटेच त्या बाईंच्या घरी गेल्या, आधी माफी मागितली, मग चुलीपाशी बसून पाहिले. सगळ्यांच्या डब्यासाठी शिजणाऱ्या हरभऱ्याच्या उसळीतली एक वाटी आधी बाईंसाठी काढून ठेवायची, एवढेच ठरले. तेव्हापासून सल्ला देण्याआधी ताई विचारतात, "घरी सकाळी कोण रांधतं?" मीही आता तेच विचारते.

या महिन्यात ताई साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत. पुढे काय करणार, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "सायकल शिकायची हाय. लहानपणी कोणी शिकू देल्ली नाई."

ताई, तुम्हाला भरपूर आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत. खुशाल शिका. मागून सायकल धरायला दवाखान्यातल्या आम्ही सगळ्या आहोत.