आईची ओळ

मधुकर ढोबळे गेल्याचं मला केंद्राच्या फाटकावरच कळलं. हातात जेवणाचा डबा होता, तो तसाच धरून उभा राहिलो. माझ्यावर रागावायचा हक्क असलेला एकमेव माणूस गेला, आणि तो कधी रागावलाच नाही... महिना होत आला, हे काही डोक्यातून जात नाही.

सेलूजवळच्या आमच्या गहू केंद्रावर मी कारकून, तो संशोधक. गव्हाच्या पेशीत गुणसूत्रांच्या एकवीस जोड्या असतात. तांबेरा रोगाला दाद न देण्याचा एका गावरान गव्हाचा गुण त्यांतल्या नेमक्या कुठल्या जोडीवर बसलाय, ते त्याला शोधायचं होतं. ठिकाणा लागला की तो गुण दुसऱ्या वाणात आणणं सोपं, आणि मधुकरची डॉक्टरेटही त्यावरच होती. त्यासाठी प्रत्येकात वेगळ्या जोडीतलं एक गुणसूत्र कमी असलेली रोपं त्यानं जिवापाड वाढवली होती. चिमट्यानं ओंबीतले कोवळे परागकोश काढायचे, गावरान गव्हाचा पराग लावायचा, दुसरा पराग शिरू नये म्हणून वर कागदी पिशवी बांधायची. लेकीच्या डोक्यातल्या उवाही कुणी इतक्या जपून काढत नसेल, असं मी त्याला चिडवायचो.

सत्तरच्या दशकातल्या एका माघात माझी आई वडनेरहून आली. मीच तिला शेत दाखवायला नेलं, आणि साहेबांचं बोलावणं आलं म्हणून बांधावर बसवून ऑफिसात गेलो. पिशव्या कशाच्या, ते सांगायचं राहून गेलं. परतलो तर गोवऱ्यांचा धूर. आमच्याकडे पाखरांपासून फडकी बांधून राखलेल्या ओंब्या पाहुण्यांसाठीच असतात. तिनं पिशवीवाल्या तेवढ्या वेचून भाजल्या होत्या. तेवढ्यात मधुकर आला. त्यानं जमिनीवरच्या रिकाम्या पिशव्या पाहिल्या.

"बस बापू," आई त्याला म्हणाली. "दाणे कमी भरले, पण गोड हायेत. किती वाळून गेला तू."

तो बसला. तळहातावर चोळून, फुंकर घालून, त्यानं सगळ्या खाल्ल्या.

साहेबांना त्यानं पोपटांचं नाव सांगितलं. मला एवढंच म्हणाला, "आईले काई सांगू नको. तिनं जीव लावून खाऊ घातलं."

ती रोपं पुन्हा उभी करेस्तोवर दुसऱ्याच कुणी तो ठिकाणा छापून टाकला. मधुकर डॉक्टर झाला नाही. आई मात्र वडनेरभर सांगत राहिली, की एवढ्या शिकल्या माणसानं माझ्या हातच्या ओंब्या खाल्ल्या. मला ते ऐकवत नसे, म्हणून मी गावी जाणंच कमी केलं.

पुढं दरवर्षी तो प्लॉटच्या कडेला एक ओळ जादा पेरायचा आणि माघात तिच्यासाठी जुडी पाठवायचा. आई गेल्यावरही ओळ थांबली नाही. आता कोणासाठी, मी विचारलं. "तू खाजो," म्हणाला. माझ्यानं कधी झालं नाही.

परवा त्याच्या हाताखालचा मजूर महादेव मला शोधत आला. "भाऊ, हे कडची ओळ प्लॉटच्या नकाशात नाई. काय करू?"

मी गेलो. गोवऱ्या पेटवल्या, एक ओंबी भाजली, चोळली, फुंकली. दाणे गच्च भरलेले होते. चार तोंडात टाकले... गोड होते. त्या दिवशी मधुकरनं ते कसे गिळले असतील, मला खरंच कळत नाही.