वरण केंद्राचं, फोडणी राज्यांची

आमच्या सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधल्या फ्रिजला फेडरेशनभाऊ 'खंड' म्हणायचे. वरचा कप्पा ही सावंत नवरा-बायकोची वसाहत, मधला माझी आणि खालचा त्यांची स्वतःची. "ताई, तुमचं दही माझ्या हद्दीत येऊन राहिलं," असं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे, की मी माफी मागून दही उचलायची आणि मग स्वतःवरच चिडायची. बाई गं, पीएचडी झालेली तू, लॅबमध्ये चार पोरांना धाकात ठेवतेस, आणि एका दह्याच्या डब्याच्या घुसखोरीबद्दल माफी काय मागतेस!

खरं नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते घरात कुणी वापरत नसे. माणूस नागपूरचा, चाळिशी ओलांडलेला, जुरोंग ईस्टला एका कंपनीत पाण्याच्या पंपांची डिझाइनं करायचा. डोक्यात मात्र पंप कमी आणि वसाहतीच जास्त. भांडणाऱ्या वसाहती एकत्र येऊन एक देश कसा होतो, हा त्यांचा जीव की प्राण विषय, आणि त्यावरूनच 'फेडरेशनभाऊ' हे नाव पडलेलं. लोक जेवताना क्रिकेट लावतात, भाऊ अमेरिकेच्या तेरा वसाहतींची भांडणं लावायचे. त्यांच्या छोट्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता, निळ्या कोटातला, हातात जाड पुस्तक धरलेला. एकदा मी विचारलं, "भाऊ, घटनेचं एवढं वेड कशानं लागलं?" तर म्हणाले, "आमच्या घरी पोराला पहिले घटना शिकवतात, बाराखडी मंग."

स्वयंपाकघराची अवस्था वाईट होती. शेगड्या दोन, कुकर तीन. माझा कोल्हापूरहून आईने दिलेला, सावंतवहिनींचा मालवणहून आलेला, आणि भाऊंचा पोचे पडलेला, हँडल सैल झालेला. एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नसे. शिट्या मोजण्यावरून रोज तंटा. माझ्या कुकरची शिटी ऐकून वहिनी आपला गॅस बंद करायच्या आणि मग कच्चा भात माझ्या नावावर. भाऊ दारात उभे राहून म्हणायचे, "ऑस्ट्रेलियात असंच होतं पाहा. दर वसाहतीच्या रुळांची रुंदी वेगळी. सरहद्दीवर माणूस सामानासकट खाली उतरे आन् दुसऱ्या गाडीत बसे." मी म्हणायची, "भाऊ, आधी ती परात द्या."

अशात एके दिवशी घरमालकीण आँटी टॅम्पिनीसहून आली. चिनी बाई, साठीची, बोलायला फटकळ. म्हणाली, "थ्री कॉन्ट्रॅक्ट, थ्री हेडेक. नाऊ वन फॅमिली, वन कॉन्ट्रॅक्ट, लाह." खोल्या सुट्या भाड्याने द्यायच्या नाहीत असं तिने ठरवलं होतं. महिनाअखेर एक कुटुंब म्हणून सही करा, नाहीतर घर सोडा. आणि एक कुटुंब कशावरून? तर ती रविवारी येऊन किचन बघणार. तिच्या सासरी दिरांनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन नंतर वाटली, चूल आधी. एका घरात एक भात शिजतो. दोन शिजले की घरं दोन, हा तिचा कायदा.

तिची लिफ्ट खाली गेली आणि आमचे चेहरे उतरले. वहिनींना सहावा महिना होता. त्या अवस्थेत घर शोधत कुठे फिरणार? माझी लॅब इथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि माझ्या पगारात दुसरीकडे फार तर एखादं कपाट मिळालं असतं. भाऊ तेवढे खुशीत. "बाहेरून कोणी डोळे वटारल्याशिवाय एकही देश झाला नाही, बाप्पा. आँटीचे उपकार माना."

त्याच संध्याकाळी घटनासमिती बसली. पहिलाच मुद्दा, राष्ट्रीय कुकर कोणता. वहिनी मालवणीवर आल्या, "माझो कुकर मी कोणाक देवचंय नाय." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, मालवणच्या कुकरात कोल्हापूरची डाळ शिजणार नाही. सावंत बिचारे बायकोकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत बसले. भाऊंनी शांतपणे स्वतःचा पोचे पडलेला कुकर टेबलावर ठेवला. "ऑस्ट्रेलियात दोन मोठ्या शहरांचं जमेना, म्हणून राजधानी मधातच, मेंढ्यांच्या कुरणात नेली. हे घ्या कुरण." त्या कुकरबद्दल कुणालाच अभिमान नसल्यामुळे ठराव एकमताने पास झाला, आणि आमचे दोन कुकर खोक्यात भरून पलंगाखाली गेले. मीठ-मसाल्याचा डबा कुणाच्या कपाटात ठेवायचा यावरही असंच झालं आणि डबा वॉशिंग मशीनवर गेला. पुढे मशीन पिळायला लागलं की राजधानी थरथरायची आणि कुणीतरी धावत जाऊन हळद वाचवायचं.

खरी जुंपली ती आमटीवरून. वहिनींना खोबरं हवं, मला कांदा-लसूण मसाला, भाऊंना नागपुरी काळा. दोन दिवस बोलणी फिसकटली. वहिनींनी सामान बांधायला काढलं, आणि मी वेबसाइटवर कपाटाएवढ्या खोल्या बघायला लागले. तिसऱ्या दिवशी भाऊ सकाळी दात घासता घासता थांबले आणि तोंडात फेस असतानाच म्हणाले, "वरण केंद्राचं. फोडणी राज्यांची." साधं वरण एकत्र शिजवायचं, वाढून घ्यायचं आणि ज्याने त्याने आपल्या पळीत आपली फोडणी करायची. खरं सांगते, एवढा शहाणपणाचा विचार त्या घरात आधी कुणी केला नव्हता.

त्या दिवशी भांडी घासताना मी सहज विचारलं, "भाऊ, या घरासाठी तुम्ही एवढी धडपड का करता?" ते कुकर घासत होते. म्हणाले, "नागपूरला आमच्या घरात आई गेल्यापासून तीन भावांच्या तीन चुली. मी सुट्टीत गेलो की कोणाकडे जेवायचं, हा मोठा प्रश्न. एकाकडे जेवलं की दोघं रुसतात. म्हणून मी काय करतो, बस स्टँडवर जेवून घेतो आन् मंग घरी जातो." मी त्यांच्या हातातला कुकर घेतला आणि विसळला.

रविवारी आँटी आली ती नेमकी फोडणीच्या वेळी. शेगड्या दोन आणि राज्यं तीन, त्यामुळे पहिली पळी कुणाची यावर रण माजलं होतं. काळ्या मसाल्याचा ठसका घरभर पसरलेला, सावंत खोकत खिडक्या उघडत होते, आणि वहिनी एका हाताने पोट सांभाळत दुसऱ्या हाताने माझी पळी ढकलत होत्या. दारात आँटी. संपलं, मी मनात म्हटलं, गेलं घर.

आँटी आत आली. कपाटं उघडून पाहिली. कुकर एकच. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "स्ट्रेंजर डोन्ट फाइट लाइक धिस. ओन्ली फॅमिली." भाऊंनी तिला ताट वाढलं आणि तीन पळ्या पुढे केल्या. आम्ही श्वास रोखून बघत होतो, कुणाची उचलते. तिने तिन्ही बाजूला सारल्या आणि नुसता वरण-भात खाल्ला. भाऊंचे डोळे भरून आले. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "ताई, केंद्राला परकीय मान्यता मिळाली."

करारावर सह्या करायची वेळ आली तेव्हा सावंतांनी केली, वहिनींनी केली, मी केली आणि पेन भाऊंपुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही. कंपनीचं काम संपलं होतं, इथे काम करायच्या पासची मुदत महिनाअखेर संपत होती, ते नागपूरला परत चालले होते. हे त्यांना आँटी यायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी जाम भडकले. "मग हा सगळा उपद्व्याप कुणासाठी केलात?" ते हसले. "देश करणाऱ्यानं त्यात राहिलंच पाहिजे, असं कोणत्या घटनेत लिहिलंय, ताई?" विमानतळावर मी त्यांच्याशी धड बोललेही नाही, इतका राग आला होता. कुकर ते मागेच ठेवून गेले. राष्ट्रीय मालमत्ता सोबत नेता येत नाही म्हणे.

आता त्यांच्या खोलीत पुण्याची एक विद्यार्थिनी आली आहे. करारात तिचं नाव चढलं, सावंतांच्या लेकीमुळे लोकसंख्याही वाढली. आल्या दिवशी पोरीने खोक्यातून कोरा करकरीत कुकर काढला. मी म्हटलं, "तो खोक्यातच राहू दे. या घरात चूल एकच." ती गोंधळून म्हणाली, "पण ताई, मला आमटीत गूळ लागतो." मी तिच्या हातात एक पळी दिली आणि म्हटलं, "गूळ तुझा तू घाल. वरण आमचं."

भाऊंना हे कळवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. भावांच्या तीन चुली एक करायची बोलणी त्यांनी नागपूरला जाताच सुरू केली होती, पण ती कुठवर आली, हे विचारायची मला भीती वाटायची. त्यांची मोठी वहिनी राजधानीवर, म्हणजे चूल कुणाच्या घरात यावर, अडून बसली आहे, एवढंच त्यांनी मागे सांगितलं होतं. काल संध्याकाळी मी डाळ धूत होते आणि फोन वाजला. भाऊंचा मेसेज होता: "ताई, आज बस स्टँडवर जेवलो नाही. घरी जेवलो. दोन चुली एक झाल्या. तिसरी वसाहत दारात उभी राहून पाहून राहिली."