वेशीवरचा म्हातारा पहारेकरी

सुमनमावशीवर अन्याय झाला तो गेल्या रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, आणि तो माझ्या सख्ख्या भावाने केला.

मावशी अंथरुणाला खिळली आहे. जाडजूड कादंबऱ्यांवरून केलेल्या राजे-ड्रॅगनांच्या एका मालिकेचा ती दर रविवारी एकच भाग बघते. पाच भाग झाले, अजून कुणी तलवार उपसलेली नाही. एक म्हातारा पहारेकरी बर्फात वेशीवर उभा असतो, एवढंच. मावशीचा जीव त्याच्यावरच. "बघू, पुढं काय करतो ते," म्हणत ती पुढचा रविवार गाठते.

कादंबऱ्या वाचलेला दादा म्हणाला, "अगं, मरतो तो शेवटी. उगाच ताटकळतेस."

"कळलं रे, शहाण्या," मावशी हसली आणि भिंतीकडे वळली.

इतकी संथ मालिका मला यासाठीच आवडते की ती माणसाला मारण्याआधी पुरेसं जगू देते. दादाला तेवढाही धीर नव्हता. शेवट तर मावशीचाही डॉक्टरांनी आम्हाला सांगितलाय. तो तिच्या तोंडावर सांगायची हिंमत आहे त्याची?

आज रविवार आहे आणि मावशीने रिमोट मागितलेला नाही. तुम्हीही पुस्तकं वाचली असतील तर खुशाल मिरवा, पण बघणाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा तोंड बंद ठेवा.