चव्वेचाळीस किलोच्या आत

लातूर जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण बोलताना सगळे अजून ‘नवा जिल्हा’च म्हणायचे. या नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. वय तेवीस, उंची चार फूट नऊ इंच, गाव मुखेड. जुन्या जिल्ह्याकडून आलेल्या कागदांचे बस्ते लाल कापडात बांधून भिंतभर रचलेले होते, ते लावणं हे माझं काम. वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचावा म्हणून साहेबांनी एक स्टूल मंजूर केलं होतं. त्या स्टुलाची स्वतंत्र फाईल होती आणि ती वरच्या फळीवर होती.

पावसानं त्या वर्षी दुसऱ्यांदा दगा दिला होता. नळ आठवड्यातून एकदा यायचा. खेड्यांतून माणसं कामाच्या शोधात शहरात येत होती. अशा वर्षात, घरात भाकर असताना, मी आपणहून उपाशी राहत होते.

कारण एक फोटो. मामेबहिणीच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्या बहिणींना ओळीत उभं केलं आणि मला एकटीला पुढं, मधोमध. फोटो धुऊन आला तेव्हा त्या उंच पोरींच्या पुढं मी भरून ठेवलेल्या घागरीसारखी दिसत होते. आत्या फोटो हातात धरून म्हणाली, “बुटक्या पोरीनं अंगावर मास येऊ देऊ नये बाई, लगेच गोल दिसती.”

झालं. एका साप्ताहिकातलं पान कापून मी उशीखाली ठेवलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकर आणि काकडी, संध्याकाळी काहीच नाही. डॉक्टरांनी नोकरीच्या तपासणीत मला ठणठणीत म्हणून सही दिली होती, वजनावर एक शब्द काढला नव्हता. पण डॉक्टरांनी तो फोटो कुठं पाहिला होता? एकोणपन्नासावरून मी सेहेचाळिसावर आले. मला बेचाळीस व्हायचं होतं. बेचाळीसच का, ते आजही सांगता येणार नाही. आकडा कानाला बारीक वाटायचा.

वजन मी घरमालकांच्या दुकानात करायची. मालक लिंगायत, भुसार मालाचे व्यापारी. खाली दुकान, वर ते दोघं नवरा-बायको आणि गच्चीवरच्या खोलीत मी; जेवणही मालकीणबाईंच्याच चुलीवरचं. दुकानात पोती मोजायचा मोठा काटा होता. रोज सकाळी मी तुरीच्या पोत्यामागून त्यावर चढायची. मालक चष्मा सरकवून आकडा वाचायचे आणि मान हलवायचे. “पाव किलो घट. एवढी तर तूर बी घटत न्हाई पोरी.”

एका सकाळी हापशावर नंबर लावून मी घागर भरली, उचलली आणि चार पावलं चालले. मग आभाळ जरा तिरपं झालं. शुद्ध हरपली नाही, पण मी रस्त्यातच बसले, घागर मांडीत घेऊन. पाणी सांडलं नाही याचाच मला आनंद होता. तेवढ्यात नऊवारी पातळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट अशी एक बाई आली. तिनं एका हातानं घागर घेतली, दुसऱ्या हातानं मला दंडाला धरून उभं केलं आणि तशीच, घागर आणि मी, दोघींना जिन्यापर्यंत आणून सोडलं.

ती जवळच्या मुलींच्या शाळेतली खेळाची बाई होती. वय पन्नाशीचं, आवाज मैदानावरचा.

“वजन किती गं तुझं?” तिनं विचारलं.

“सेहेचाळीस.” मी लाजून म्हणाले. “कमी करून राहिले.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “आपल्या जिल्ह्याकडं हलक्या गटात एकबी बाई न्हाई! चार महिन्यांनी नांदेडला शक्तितोलनाच्या स्पर्धा हायत. वजन उचलायच्या. चव्वेचाळीस किलोच्या आतला गट आणि त्याच्या वरचा अठ्ठेचाळीसचा, दोन्हीत आपली पाटी कोरी. येतीस?”

ती पुढं बरंच बोलली, पण मला फक्त ‘चव्वेचाळीस किलोच्या आत’ एवढंच ऐकू आलं. आजवर मला सगळे खा म्हणत होते. ही पहिली बाई, जिला जिल्ह्याच्या मानासाठी मी बारीक हवी होते! मी जागच्या जागी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेच्या सामानाच्या खोलीत गेले. लेझमींच्या ढिगाशेजारी एक लोखंडी दांडा आणि काही गंजलेल्या चकत्या पडल्या होत्या. नुसता दांडाच वीस किलोचा. बाईंनी पाय कुठं ठेवायचे, पाठ कशी ताठ धरायची ते दाखवलं. “कमरेनं ओढायचं न्हाई. पायांनी जमीन खाली ढकलायची.” मी जमीन ढकलली. जमीन जागची हलली नाही, पण दांडा गुडघ्यांपर्यंत आला आणि मला एवढं हसू फुटलं की तो परत खाली गेला.

“हसायचं खाली ठेवल्यावर,” बाई म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

तीन प्रकार होते: दांडा खांद्यावर घेऊन बैठक, बाकावर उताणं झोपून छातीवरून वर ढकलणं आणि जमिनीवरून सरळ उचलणं. तिसरा मला पहिल्या दिवसापासून आवडला. जमिनीवर पडलेली वस्तू उचलायची आणि उभं राहायचं, यात उंचीचा संबंध नव्हता. उलट बाई म्हणायच्या, “तुला वाकायचंच किती! उंच बाईला अर्धा मैल खाली जावं लागतं.” माझ्या उंचीचा फायदा कुणी सांगितल्याचा तो पहिला प्रसंग.

घाम किती गाळायचा हे पाणी ठरवायचं. अंघोळीला अर्धी बादली. बाईंचा नियम होता, दोन दिवस अंगमेहनत, तिसऱ्या दिवशी विश्रांती आणि कपडे न धुता फक्त उन्हात वाळवायचे. त्या खोलीत आम्हाला वासाबद्दल काही वाटेनासं झालं होतं. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी मात्र खिडकीजवळ जागा मागून घेतली.

तीसवरून चाळीस, चाळीसवरून पन्नास. मग सगळं थांबलं. तीन आठवडे पन्नासच्या वर अर्धा किलो हलेना. पाय थरथरायचे, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. बाई रोज विचारायच्या, “जेवतीस का नीट?” आणि मी रोज हो म्हणायची. काट्यावर मी पंचेचाळीसला आले होते. चव्वेचाळीस हाताशी होतं!

बिंग फोडलं ते मालकांच्या गाईनं. दुष्काळात सगळ्यांची जनावरं वाळली होती आणि आमच्या आळीत ही एकटी तुकतुकीत दिसत होती. मालकीणबाईंना संशय आला. त्यांनी जिन्याखाली उभं राहून पाळत ठेवली आणि मला पदराखालची भाकर गाईला घालताना पकडलं.

“अव्वा!” त्यांचं माहेर उदगीरचं, राग आला की तोंडात कानडी यायची. “मी चुलीपाशी भाजून राहिली, आन् तू गाईला घालून राहिली? लोकं चाऱ्याला महाग झाली, आन् हिला भाकर नको!”

मी मान खाली घातली. खरंच लाज वाटली. फोटोची लाज वाटायची त्याहून जास्त.

संध्याकाळी त्यांनी बाईंनाच बोलावून आणलं. दोघी गच्चीवर माझ्या खोलीत बसल्या. बाईंनी माझ्या उशीखालचं साप्ताहिकाचं पान वाचलं, घडी घातली आणि खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत कोंबलं. खिडकी नीट बसली.

“मी तुला चव्वेचाळीसची हो, असं म्हणाले होते का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच म्हणालात, आपली पाटी कोरी हाय.”

“पाटी दोन्ही गटांत कोरी हाय! तू अठ्ठेचाळीसमधी उतर की. अगं, तुझ्या अंगावर काढण्यासारखं उरलंच काय? आता जे उतरतंय ते तुझी ताकद उतरतीय. काट्याला काय कळतं, चरबी गेली की मांडी गेली?”

“पण बाई, मी गोल दिसते.”

“कुणाला?”

आत्याचं नाव घ्यावं तर आत्याचं वजन सत्तर होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला लागले. मालकीणबाई ताट घेऊन समोरच बसायच्या. दोन भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, गाईचंच दही. त्यांच्या घरात अंडं हा शब्दही चालायचा नाही, म्हणून बाई शाळेत रुमालात बांधून दोन उकडलेली अंडी आणायच्या. लेझमींच्या ढिगाआड मी ती खायची आणि घरी येताना तोंड पुसून, बडीशेप चघळून यायची. मालकीणबाई एकदा माझ्याजवळ येऊन हुंगल्या, म्हणाल्या, “शाळंत काय शिजवतात की बाई,” आणि दह्याची वाटी पुढं सरकवली. त्यांना कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दांडा पुन्हा हलला. पंचावन्न. साठ. काट्यावर मी सत्तेचाळीस झाले आणि मालकांनी ते गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं. मी धावत खोलीत गेले, जुना परकर घातला. नाडी जिथं बांधायची तिथंच बसली. वजन दोन किलो वर आणि कंबर जागच्या जागी! मी तीन वेळा नाडी सोडून बांधून पाहिली. फरक पडला होता तो दुसरीकडंच. दोन दिवसांनी कचेरीत वरच्या फळीवरचा जाड बस्ता ओढला आणि माझ्या ब्लाउजची बाही दंडावर टर्रकन उसवली. सगळी कचेरी वर बघायला लागली. मी बस्ता खांद्यावर घेऊन, पदर दंडावर ओढून स्टुलावरून उतरले. साहेब म्हणाले, “सावकाश.” मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

नांदेडला आम्ही एसटीनं निघालो. बाई, मी आणि मालकीणबाई, कारण त्यांनी वाटेसाठी वीस धपाटे केले होते आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होत्या. वजन नोंदवायला मी काट्यावर उभी राहिले. सत्तेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

नोंद करणाऱ्या बाई हळहळल्या. “अरे, चव्वेचाळीसच्या आतल्या गटात एकही नाव नाही आलं. तुम्ही त्यात बसला असता तर नुसता दांडा उचलला तरी सोनं होतं.”

मी बाईंकडं पाहिलं. बाईंनी माझ्याकडं. गाईला घातलेल्या सगळ्या भाकरी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. आधी बाईंच्या नाकातून आवाज आला, मग मी फुटले, आणि आम्ही दोघी काट्याला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. नोंद करणाऱ्या बाई वही बंद करून बसल्या.

माझ्या गटात तिघी होतो. बैठकीत मी मागं राहिले, बाकावरच्या प्रकारात त्याहून मागं. जमिनीवरून उचलायची वेळ आली तेव्हा मी तिसरी होते. पासष्ट सहज गेले. सत्तर गेले. शेवटच्या खेपेला बाईंनी पंच्याहत्तर सांगितले. सरावात मी तेवढं कधीच उचललं नव्हतं.

गुडघ्यापर्यंत कापलेली सलवार आणि शाळेचा बनियन घालून मी दांड्यापाशी गेले, वाकले, मूठ आवळली, आणि प्रेक्षकांतून ओळखीचा आवाज आला.

“अगं सोड ते! कंबर मोडंल!”

आई. शेजारी वडील, टोपी हातात. मालकीणबाईंनी मुखेडला पत्र टाकलं होतं, मला न सांगता. आमचं मुखेड नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मी माझ्याच जिल्ह्याविरुद्ध उतरले होते, तीही अर्ध्या सलवारीत. पण हात दांड्यावर होते आणि पाय जमिनीवर. मी जमीन ढकलली.

दांडा नडगीला घासत वर आला. गुडघ्यांपाशी अडला. आई आता “अगं सोड” म्हणत नव्हती. तिचा आवाज बदलला होता. “उचल! आता आणलंस इथवर तर उचल की गं!” मी उचलला. उभी राहिले. पंचांचे पांढरे झेंडे वर गेले. दांडा खाली ठेवला आणि मगच हसले.

दुसरी आले. पहिली नांदेडची मुलगी होती, तिनं मला मिठी मारून विचारलं, “मुखेडची हायस म्हणं? मग तिकडून कशाला उतरलीस?” मी म्हणाले, “नोकरी तिकडं हाय बाई.” वडिलांनी पदक उलटंसुलटं करून पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली. आईनं माझा दंड चाचपला, दोनदा. “कडक लागतंय,” ती म्हणाली, आणि मग जरा लांब जाऊन गुपचूप स्वतःचा चाचपून बघितला.

धपाटे तिथंच सभागृहाच्या पायऱ्यांवर संपले. नांदेडच्या त्या मुलीनंही दोन खाल्ले. आई-वडील मुखेडच्या गाडीत बसले, आम्ही लातूरच्या. पदक मालकीणबाईंच्या गळ्यात होतं, लिंगाच्या दोऱ्याशेजारी. त्यांनी मागून घेतलं होतं. गाडीत शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या पोरीनं पंच्याहत्तर किलो उचललं.” लोह्याला नवे प्रवासी चढले, तेव्हा त्यांनी क्विंटल सांगितलं. अहमदपूरला दीड. बाई खिडकीकडं तोंड करून खांदे हलवत होत्या. मी एकदाही आकडा दुरुस्त केला नाही.

लातूरला उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. कंडक्टरनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. वर फार काही नव्हतंच. मग त्यानं विचारलं, “ताई, टपावर एक पोतं हाय. तेवढं देता का खाली?”

मी पदर कमरेला खोचला आणि शिडीला हात घातला.