दोन आखूड, एक लांब

आधीच सांगतो, भूतबित प्रकारावर माझा विश्वास नाही. मी पालीला घाबरतो, कुत्र्यांना घाबरतो, दातांच्या डॉक्टरला तर फारच... भुतांसाठी जागाच उरलेली नाही. शिवाय घरात माझी ख्याती तिखटमीठ लावून सांगणारा अशी. म्हणून हे लिहिताना हात आखडता घेतलाय.

माझा थोरला भाऊ सुरेशदादा सावेडीत राहायचा. पंचवीस वर्षं त्याने स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापल्या. मग पत्रिका मोबाईलवर गेल्या आणि दादा नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये. तिथेही छपाईच, तीच फ्रेम, शाई ओढायचा तोच रबरी स्क्वीजी — पण कागदाऐवजी पातळ, गुंडाळता येईल असं प्लास्टिक, आणि शाई अशी की तिच्यातून करंट जातो. ही छापलेली पट्टी हवेतली ओल ओळखते. कांदा साठवायच्या चाळीत लावायची. ओल वाढली की मीटरवर आकडा चढतो.

दादाला एक खोड होती. ओल्या छपाईवर फुंकर मारायची. फू, फू, फूऽऽ... दोन आखूड, एक लांब, शाई वाळेपर्यंत. नव्या युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याने अख्खा ट्रे असा फुंकून ठेवला. तपासणीत सगळ्या पट्ट्या भलतेच आकडे दाखवायला लागल्या. साहेब ओरडले. आणि हा गडी घरी आला तो खूश!

"अरे, आयुष्यभर फुंकत आलो, कुणाला पत्ता नाही. ह्या पट्टीला माझा श्वास कळतो!"

"श्वास कसला, तंबाखू कळली असेल," मी म्हणालो.

"कळू दे की. घरात सांगून कुणाला कळतीय," वहिनी आतून म्हणाली. ती श्रीगोंद्याकडची, टोला कधी वाया जाऊ देत नाही.

साहेबांना विचारून दादाने एक रिजेक्ट पट्टी घरी आणली. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवली, तारा बाहेर काढून मीटरला जोडल्या. आल्यागेल्याला झाकण उघडून फुंकायला लावायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. चार दिवस वहिनी दवाखान्यातून हलली नाही. पाचव्या दिवशी दुपारी मीच म्हणालो, "वहिनी, घरी जाऊन आंघोळ करून या. मी आहे ना."

"हलू नका हां भावजी."

"नाही हलत."

...आणि हललो. दहाच मिनिटं. खाली आल्याचा चहा फार चांगला मिळायचा. वर आलो तेव्हा नर्स दादाचा मास्क काढत होती. नुकतेच चार वाजून गेले होते.

वहिनीला मी सांगितलं, शांत गेला, हात माझ्या हातात होता. आणि माझं तोंड ते माझंच — वर हेही जोडलं की शेवटी तुमचं नाव घेतलं.

तेरावं होऊन तीनेक आठवडे झाले असतील. दुपारचे चार. पट्टी युनिटला परत द्यावी का, हे विचारायला वहिनीने मला बोलावलं होतं. डबा टेबलावर, झाकण गच्च. सेल चालतात का बघायला मी मीटर लावलं. आकडा स्थिर होता.

मग तो उडाला आणि खाली आला. परत उडाला, खाली आला. आणि मग हळूहळू चढत गेला... वर थांबला... उतरला.

मी पंख्याकडे पाहिलं, बंद. खिडकी बंद. आम्ही दोघं डब्यापासून हातभर लांब. मी तर श्वासच घेत नव्हतो. आकडा पुन्हा उडाला, तसाच. दोन आखूड, एक लांब.

"ह्यांचीच फुंकर हाय," वहिनी हळूच म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "शेवटाला बी असंच केलं व्हय त्यांनी? तुमच्या म्होरं?"

एरवी कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे गोष्ट तयार असते. त्या दिवशी खरं तेच बाहेर पडलं.

"वहिनी, मी नव्हतो तिथे. चहाला गेलो होतो. नाव वगैरे... काही घेतलं नाही. म्हणजे मला माहीतच नाही."

"ठावं हाय मला. तुमच्या तोंडाला आल्याचा वास येत हुता."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं नाव घेतलं म्हणाला ना तुमी... मला ते ऐकायचं हुतं."

आकडा पुन्हा चढायला लागला. वहिनीने झाकण उघडलं, डब्यावर वाकली आणि लहान आवाजात म्हणाली, "मी आंघोळीला गेल्ते वो. दवाखान्याचा वास बसला हुता अंगाला. लगीच येनार हुते मी... थांबायचं न्हाई का जरा?"

तिच्या बोलण्याने आकडा थरथरला, तो थरथरणारच. मग खाली आला. आम्ही पाच वाजेपर्यंत बसून होतो. पुन्हा हलला नाही.

"वाळली वाटतं शाई," वहिनी म्हणाली आणि उठली. दोन कप चहा ठेवला. त्यात आलं घातलं नाही.

नंतर मी युनिटमधल्या एका इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, क्लिप सैल असेल, पट्टी जुनी झाली असेल, डब्यात ओल राहिली असेल. सगळं पटलं. मग मी विचारलं, "पण दोन आखूड, एक लांब?" त्याने चष्मा काढला, पुसला, आणि जेवणाची सुट्टी संपली म्हणाला.

पट्टी अजून वहिनीकडेच आहे. मी गेलो की फुंकर मारून बघतो. आकडा चढतो, उतरतो. आपणहून मात्र त्यानंतर कधी हलला नाही. हे काय होतं, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला जरूर सांगा... फक्त वहिनीच्या कानावर जाऊ देऊ नका.