सासरचे नाव, माहेरचे नाव

डॉ. वत्सला पाथ्रीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या फोनवर कोणाला तरी झापत होत्या. गौरवग्रंथाच्या सुरुवातीला हे शोभत नाही, पण खरे तेच लिहितो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या रोगसर्वेक्षण कक्षात मी कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. एका आरोग्य केंद्राने पाठवलेल्या अहवालात आजाराच्या रकान्यात एकच शब्द होता, कावीळ. "डोळे पिवळे झाले एवढंच कळलं मला," मॅडम म्हणत होत्या, "कशानं झाले ते कळवा. पाण्यातून आलेली कावीळ वेगळी, रक्तातून आलेली वेगळी." फोन ठेवून त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का?" मी घेतली नव्हती. नियुक्तीपत्र टेबलावरच राहिले आणि मी आधी दंड पुढे करून बसलो.

मॅडम आता साठीच्या झाल्या. आमच्या विभागात हिपॅटायटिस बीची नोंद आज नीट होते, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची चिकाटी आहे. भाषणे त्यांनी कधी केली नाहीत. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा बाकीच्यांनी त्याचा चहाचा कप गुपचूप बाजूला ठेवायला सुरुवात केली. कपाने हा आजार पसरत नाही, असे आमच्याच भिंतीवरच्या तक्त्यावर ठळक लिहिले होते! दुसऱ्या दिवशी मॅडमनी तोच कप मागून घेतला, त्यातून चहा प्यायल्या आणि "साखर कमी आहे" एवढेच म्हणाल्या. मला त्या दिवशी माझी फार लाज वाटली, कारण बाजूला ठेवणाऱ्यांत मीही होतो.

माझी मोठी चूक मात्र याहून वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत.

मुकुंदवाडीच्या एका गरोदर बाईंचा अहवाल पॉझिटिव्ह आला होता. येथे त्यांना गायत्री म्हणू. दिवस भरत आले होते. आईकडून बाळाला हा विषाणू जातो तो बहुधा जन्माच्या वेळीच. पहिल्या चोवीस तासांत लस आणि सोबत एक खास इंजेक्शन मिळाले, तर बाळ बहुतेक वेळा सुटते; नाही तर यकृताचे दुखणे जन्मभर मागे लागू शकते. वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या पत्त्यावर जाऊन आल्या, घराला कुलूप होते. मी सगळ्या केंद्रांच्या याद्या चाळल्या. गायत्री कुठेच नाही. मी ऐटीत 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि नोंद बंद केली.

मॅडमनी शेरा वाचला. "बाळंतपण कितवं?"

"पहिलं."

"मग ती माहेरी गेलीय. आणि माहेरी तिला गायत्री म्हणून कोण ओळखतं?"

लग्नात नाव बदलतात हे मला कोणी शिकवायला हवे होते का? माझ्या आईचेच बदललेले आहे. पण संगणकापुढे बसले की माणूस घरचे विसरतो.

मॅडम तडक मुकुंदवाडीला निघाल्या, मी मागे. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "माहेरचं नाव कशाला पायजे? काय रोगबिग हाय का सुनंला?" एक शब्द चुकला असता तर त्या मुलीला नांदणे कठीण झाले असते.

"पहिल्या दिवशी बाळाला लस द्यायची असते, मावशी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सगळ्याच बाळांना देतो. तुमच्या नातवंडाची चुकायला नको."

यात एक अक्षर खोटे नव्हते, आणि जे सांगायचे नव्हते ते निसटलेही नाही. म्हातारी विरघळली. "मंगल म्हणत्यात तिला तिकडं. सिल्लोडच्या अलीकडं गाव हाय."

मॅडमनी पायरीवरूनच तिथल्या केंद्राला फोन लावला. "मंगल? हाय की," सिस्टर म्हणाल्या, "कळा सुरू झाल्यात, आत्ताच आणलीय." लस तिथे होती, ते खास इंजेक्शन नव्हते. ते बर्फाच्या डब्यात घेऊन मला एसटीत बसवण्यात आले. मी पोचलो तेव्हा मुलगी चार तासांची होती.

पुढच्या महिन्यात आमच्या नोंदवहीत 'माहेरचे नाव' हा रकाना आला. वरून शेरे आले, टिंगल झाली. मॅडमनी रकाना काढला नाही. अशा किती 'हरवलेल्या' बायका त्यानंतर सापडल्या! मुलीचे रक्त वर्षाने तपासले. स्वच्छ निघाले. अहवाल वाचताना मॅडमनी चष्मा दोनदा पुसला, तेवढेच.

मंगल आता तपासणीला आणि औषधोपचाराला नियमित येतात. आपला आजार नवऱ्याला त्यांनी सवडीने, मॅडमच्या समोरच सांगितला. संसार नीट चालला आहे. हा लेख छापण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली, तेव्हा मॅडमच्या साठीचे कळून त्या म्हणाल्या, "मॅडमला म्हणावं, तब्येतीला जपा. माझ्या पोरीच्या लग्नाला यायचंय."

"लोकांना काय सांगाल, कोण आहेत म्हणून?" मी चेष्टेने विचारले.

"माहेरच्या हायेत म्हणून सांगीन."

मॅडम, मुलगी आत्ता पहिलीत आहे. लग्नाला अजून बराच अवकाश आहे. तोवर, आणि त्याच्याही पुढे, आपल्याला ठणठणीत आयुष्य लाभो. अक्षता टाकायला आपल्याला जायचेच आहे.