कड्यावरचे तीन ठोके

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कडे चढणारी माणसं निडर असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चढताना माझे गुडघे एकदा पाहावेत.

शिवथरच्या खोऱ्यात एका वाडीच्या डोक्यावर काळा कडा आहे. मी आणि माझा नवरा सुट्टीच्या दिवशी महाडहून तिथे जायचो. वाट एका काकूंच्या अंगणातून जाते, त्यामुळे परवानगीही त्यांचीच. मुलगा-सून मुंबईला, घरी त्या आणि लहानगा नातू. त्यांची अट एकच होती. "चढा, पन लोखंड ठोकायचा नाय." शेजारच्या डोंगरात दरड कोसळली, त्याआधी वरून ठोकल्यासारखे आवाज आले होते. तेव्हापासून वाडीने ठरवून ठेवलं होतं. कड्यावरून ठोकल्यासारखा आवाज आला, की ज्याला ऐकू येईल त्याने थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी असतील तसं समोरच्या माळावर निघायचं.

आमची पद्धत तशीही न ठोकण्याचीच. फटीत धातूचा तुकडा अडकवायचा, त्यात दोर घालायचा, आणि मागून येणाऱ्याने तो काढून आणायचा. कड्यावर ओरखडाही ठेवत नाही याचा मला केवढा तोरा. तरी माझ्या पिशवीच्या तळाशी एक मेख आणि छोटी हातोडी असायची. नवऱ्याला ते माहीत नव्हतं. असू दे, असून कुठे बिघडतं, अशी मी माझीच समजूत घालायची.

त्या दुपारी पुढे मी होते, खाली दोर धरून नवरा. अर्ध्या कड्यावर फट रुंद होत गेली आणि माझ्याकडचा एकही तुकडा तिच्यात बसेना. शेवटचा अडकवलेला खूप खाली राहिला होता. पडले असते तर दोराने धरायच्या आधी खालच्या टप्प्यावर आपटले असते. बोटभर कडेवर टेकलेला उजवा पाय थरथरायला लागला.

"घाई करू नकोस, हळूहळू खाली ये," नवरा म्हणाला. मला त्याचाच राग आला. खाली उभं राहून सांगायला काय जातं?

मी पिशवीतून मेख आणि हातोडी काढली, मेख फटीत लावली आणि ठोकली. एक, दोन, तीन. मेख घट्ट बसत असली की आवाज चढत जातो. हा पोकळ आला. माझ्या डाव्या हाताच्या तळव्याखालचा, दाराएवढा खडक प्रत्येक ठोक्याला हलकेच थरथरला. तो कड्याला धरून नव्हताच. मी श्वास रोखून हात काढून घेतला.

आणि खाली थाळी वाजायला लागली.

मी चढताना कधी खाली पाहत नाही. तेव्हा पाहिलं. घराघरांतून माणसं बाहेर पडत होती. एकाने म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेतलं होतं. काकूंच्या कडेवर नातू होता आणि काखेत कागदपत्रांची पत्र्याची पेटी. कोणी ओरडत नव्हतं. सगळे माळावर जाऊन उभे राहिले आणि वर बघायला लागले.

मी कशी उतरले ते नीट आठवत नाही. नवऱ्याने माझ्या कमरेला खोचलेली हातोडी पाहिली आणि तोंड फिरवलं. माळापर्यंत चालताना मी दोनदा ठरवलं, की सांगायचं, दगड निसटला.

"काय सुटलाय गो वर?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. मी ठोकलं. घाबरले आणि ठोकलं."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सुस्कारा सोडला. "मंग आता घरात जायाला हरकत नाय ना?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. खडकाची ती थरथर मात्र अजून माझ्या तळव्यात होती.

"नाही," मी म्हणाले. "वर मोठा खडक सुटा आहे. तुमच्या घराच्या सरळ वर."

काकूंनी नातवाला खाली ठेवलं. "चुलीवर भात हाय माजा," त्या म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

तो भात उतरवायला मी गेले. नवरा नको म्हणत होता. अंगण ओलांडताना मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. आत अंधार होता, तळाला भात करपायला लागला होता. मी पातेलं उतरवलं, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी ओतलं. तेवढं करताना माझे कान सारखे छपराकडे लागलेले होते. चुलीशेजारी काकूंचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि त्यावर नातवाची लहानशी गोधडी.